शंभराव्या बाइटवर तुटलेलं अक्षर

बॅकअप रोज रात्री होत होता, फाइल रोज थोडी थोडी वाढत होती आणि मी निर्धास्त होते. आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाची पुस्तकसूची मी पोस्टग्रेस या डेटाबेसवर बसवून दिली आहे. नवा सर्व्हर आला तेव्हा डंप, म्हणजे बॅकअपची ती फाइल, तिथे रिस्टोअर करायला, म्हणजे परत उतरवायला घेतला, आणि एका टेबलाशी गाडी अडली. अक्षरं बाइटांच्या आकड्यांत साठवायची जी यूटीएफ-८ पद्धत, तिच्यात न बसणारे तीन बाइट, सोळाच्या पटीतल्या आकड्यांत लिहिलेले: ई० ए४ ०९. बाकी सगळी टेबलं भरली, फक्त बदलांच्या नोंदींचं टेबल रिकामं. कुठल्या पुस्तकाची माहिती कुणी, कधी दुरुस्त केली आणि आधी ती काय होती, हे सगळं त्यात होतं. जुना सर्व्हर अजून चालू होता, म्हणून वाचले.

त्या तीन आकड्यांकडे मी बराच वेळ बघत बसले. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. पहिला कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५. तिसऱ्याच्या जागी ०९ आला होता, म्हणजे टॅब, दोन रकान्यांच्या मधला. कुणीतरी अक्षर मध्येच कापलं होतं.

कापणारं सापडायला वेळ लागला नाही. बदल टिपून ठेवायला मी पोस्टग्रेसला एक छोटं ओपन सोर्स एक्स्टेन्शन, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली जोडणी, लावलं होतं. जुन्या मजकुराचे पहिले १०० बाइट ते नोंदीत ठेवायचं. बाहेरून आलेला मजकूर पोस्टग्रेस तपासून घेतं, पण अशा एक्स्टेन्शनसारख्या, आत चालणाऱ्या सी भाषेतल्या कोडने दिलेल्यावर विश्वास ठेवतं. त्यामुळे तुटकं अक्षर बिनबोभाट टेबलात गेलं, डंपमध्येही तसंच उतरलं, आणि रिस्टोअर करताना ते ‘बाहेरचं’ ठरल्यावर पकडलं गेलं. म्हणूनच बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नये, तो उतरवून बघावा. मी बघितला नव्हता.

कोड्यात टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. सगळ्या नोंदी बिघडलेल्या नव्हत्या. इंग्रजी अक्षर एकाच बाइटचं, म्हणून इंग्रजी एकही नाही हे कळण्यासारखं होतं, पण मराठीतल्याही कितीतरी धडधाकट होत्या. शेवटी मी ‘क’ हे अक्षर ३४ वेळा लिहून बघितलं. १०२ बाइट होतात, १०० वर कापले की ३३ क आणि चौतिसाव्याचा एक बाइट उरतो. बिघडलं. मग सुरुवातीला फक्त एक स्पेस दिली. स्पेसचा १ बाइट आणि ३३ क चे ९९, मिळून बरोबर १००. बग गायब! म्हणजे शंभर बाइटांत स्पेस, स्वल्पविराम, इंग्रजी आकडे असे एकेरी बाइट १, ४, ७ असे असतील तर मजकूर वाचतो, एरवी तुटतो. त्या रात्री झोप अशी लागली नाहीच.

एक्स्टेन्शनच्या कोडमधली दुरुस्ती, म्हणजे पॅच, मी उत्साहाने लिहिला. कापायच्या जागेपासून एकेक बाइट मागे यायचं आणि अक्षराची सुरुवात सापडली की थांबायचं. आठ ओळी. एक्स्टेन्शन सांभाळणाऱ्यांनी तो घेतला नाही, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं: प्रत्येक डेटाबेस यूटीएफ-८ मध्येच असतो असं नाही, आणि हे काम करणारं फंक्शन पोस्टग्रेसमध्ये आधीच आहे, ते शोधा. मी पोस्टग्रेसचा सोर्स उतरवून घेतला आणि टेबलांची नावं तो कुठे कापतो ते शोधलं. नावाला ६३ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची २१ चिन्हं, आणि तिथे अक्षर तुटत नाही. का तुटत नाही, तर त्या जागी पीजी_एमबीक्लिपलेन हे फंक्शन बसलेलं आहे. माझ्या आठ ओळी गेल्या, एक आली.

त्यापेक्षा जास्त वेळ दुरुस्ती चालते का ते आपोआप तपासणाऱ्या टेस्टने खाल्ला. टेस्टच्या फाइलमध्ये ३४ क टाकले, अपेक्षित उत्तराच्या फाइलमध्ये ३३. पण डेटाबेस यूटीएफ-८ नसेल तर ही टेस्ट सोडून द्यावी लागते, आणि त्यासाठी अपेक्षित उत्तराची दुसरी फाइल लागते, नावाच्या शेवटी ‘_१’ असलेली. हे मला पॅच दोनदा परत आल्यावर समजलं. तिसऱ्यांदा तो मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतला गेला. त्या सगळ्या टेस्टमध्ये तोवर इंग्रजीखेरीज एक अक्षर नव्हतं; आता क आहे. तो स्क्रीनवर बघताना मला खरंच भरून आलं.

आमच्या जुन्या नोंदी मात्र हातानेच दुरुस्त कराव्या लागल्या. मजकूर बाइटा, म्हणजे नुसते बाइट ठेवणारा पोस्टग्रेसचा प्रकार, म्हणून वाचायचा, शेवटचे एक-दोन सुटे बाइट काढायचे, परत मजकूर करायचा. मग डंप, मग रिस्टोअर, आणि दोन्हीकडच्या ओळी मोजल्या. जुळल्या.

एक गोष्ट राहिलीच आहे. ‘पुणे’ हे डोळ्यांना दोन अक्षरांचं दिसतं, पण आत चार चिन्हं आहेत: प, उकार, ण, मात्रा. कात्री मात्रेच्या आधी बसली तर ‘पुण’ उरतं. बाइट शुद्ध, शब्द चुकीचा. मी हे त्याच पॅचमध्ये घालायला निघाले होते. एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती, असं मला सांगितलं गेलं. पटलं. त्यासाठी कोडची वेगळी शाखा, ब्रँच, काढली आहे, आणि तिच्यातली पहिली टेस्ट ‘पुणे’ हीच आहे. अजून ती नापास होते.