पितृपक्षात श्रीलंका

बातम्यांत पेटलेल्या देशात फिरायला जावं का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही. मालवणजवळ देवबागला आमच्या घरी उतरलेले पाहुणे रात्री जेवण झालं की खळ्यात खुर्च्या टाकून बसतात. गप्पांच्या ओघात कळतं की आम्ही दोघं 2022 साली श्रीलंकेला जाऊन आलो. मग हटकून प्रश्न येतो, "तेव्हा तर तिथे सगळं पेटलं होतं! भीती नाही वाटली?"

वाटली. पण आधी आम्ही तेव्हा का गेलो ते सांगते, कारण त्यात शौर्य काहीच नाही. आमचा पाहुणे ठेवायचा धंदा दिवाळी ते मे. 26 मेपासून ऑगस्टअखेरपर्यंत पाण्यातले खेळ बंद, मग गणपती. गौरी-गणपती पाण्यात गेले की घटस्थापनेपर्यंत जे पंधरा दिवस उरतात ते पितृपक्षाचे, आणि आमची सुट्टी तीच. शिवाय त्या वर्षी आपल्या एका रुपयाला तिकडचे साडेचार रुपये मिळत होते. कुडाळहून कोकणकन्येने मुंबई गाठायला अख्खी रात्र जाते, तिथून कोलंबो अडीच तासांवर. स्वस्तात परदेश, एवढंच गणित होतं.

सासूबाईंनी ते एका वाक्यात मोडीत काढलं. "थंय लोकांका खावक गावना नाय म्हणतत, आणि तू थंय जेवूक चललंस?"

उत्तर नव्हतं. एप्रिलमध्ये त्या देशाने परदेशी कर्जाची फेड थांबवली होती. 9 जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यात शिरले, तिथल्या पोहण्याच्या तलावात डुंबले. राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे मालदीवमार्गे सिंगापूरला पोचले आणि तिथून राजीनामा धाडला. हे सगळं आम्ही घरी टीव्हीवर पाहिलेलं, आणि दोनच महिन्यांनी आम्ही निघालो होतो.

आता, पाहुणे ठेवणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. "तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं की यजमान काय सांगतो! मला जूनमध्ये कुणी फोनवर "पाऊस आहे का हो?" विचारलं, तर मी "अधूनमधून" म्हणते. देवबागेतला जूनचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला यातला खोटेपणा समजेल. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि वरून तो. तेव्हा श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, त्रिंकोमालीजवळ निलावेलीला जिच्या घरी उतरायचं होतं, त्या बाईला मी "सेफ आहे का" असं विचारलंच नाही. गॅसचं सिलिंडर शेवटचं कधी आलं? मुलं शाळेत रोज जातात का? दिवे किती वेळ जातात? नवऱ्याने आपला एक घातला : होड्यांना रॉकेल मिळतं का?

तिने सगळ्याची उत्तरं दिली. शाळा जुलैत बंद होत्या, आता रोज आहेत. दिवे दीड-दोन तास जातात. रॉकेल मिळतं, पण ऑगस्टमध्ये लिटरचा भाव 87 वरून 340 केलाय, त्यामुळे निम्म्या होड्या वाळूवरच आहेत. हे वाचलं आणि मी तिकिटं काढली. जी बाई गिऱ्हाईकाला आपल्या गावच्या वाळूवर पडलेल्या होड्या सांगते, ती बाकीचंही खरंच सांगत असणार.

आणखी एक पाहिलं होतं : लोकांचा राग कुणावर आहे. 2019 मध्ये ईस्टरच्या दिवशी कोलंबोत आणि आणखी दोन शहरांत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा मारेकऱ्यांनी चर्चबरोबर मोठी हॉटेलंच निवडली होती. अडीचशेहून जास्त माणसं गेली, त्यांत परदेशी पाहुणेही होते. त्या वर्षी मला कुणी फुकट नेलं असतं तरी मी गेले नसते. 2022 चा राग स्वतःच्या राज्यकर्त्यांवर होता. पाहुण्यांशी त्याचं वैर नव्हतं. बातमीत मात्र दोन्हीकडे धूर सारखाच दिसतो. माझ्या प्रवासविम्याच्या कागदालाही हा फरक मान्य नव्हता. दंगल, बंड, युद्ध यांतलं काहीही झालं तर भरपाई नाही, असं त्यात बारीक अक्षरात होतं. (तो कागद निघण्याआधी वाचा. मी विमानात वाचला.)

भीती मला ज्या जागी वाटेल असं वाटलं होतं, तिथे वाटली नाही. कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर, जिथे आंदोलकांचे तंबू महिनोन्महिने होते, तिथे पोरं पतंग उडवत होती आणि गाड्यांवर इस्सो वडे तळत होते. डाळीच्या वड्यावर अख्खी कोळंबी, डोक्या-शेपटीसकट. आशिया कप नुकताच श्रीलंकेने जिंकला होता. ती स्पर्धा खरं तर त्यांच्याच देशात व्हायची होती, पण या गोंधळापायी दुबई-शारजाला हलवली होती. वडेवाला म्हणाला, "घरी खेळू दिलं नाही, म्हणून बाहेर जाऊन जिंकलो."

अवघडल्यासारखं झालं ते पेट्रोलपंपावर. दांबुल्लाच्या अलीकडे आमची व्हॅन पंपात वळली. बाहेर रिक्षांची रांग लागलेली, पार वळणाआड गेलेली. तेव्हा टंचाईमुळे तिथे रिक्षाला आठवड्याला पाच लिटर पेट्रोल, तेही फोनवरचा कोड दाखवून. पर्यटकांसाठी मात्र वेगळा पास निघालेला. आमच्या ड्रायव्हरने कार्ड दाखवलं, टाकी भरली, दहा मिनिटांत बाहेर. रांगेतला एक रिक्षावाला हँडलवर हात टेकून आमच्याकडे बघत होता. रागाने नव्हे. एसटी चुकल्यावर माणूस दुसऱ्या गाडीकडे बघतो ना, तसा. सासूबाईंचं वाक्य मला तिथे ऐकू आलं. ड्रायव्हरला मी हे बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आला नसता तर आज मीही त्याच रांगेत असतो, आणि घ्यायला पैसे नसते." त्याचं खरं होतं. रिक्षावाल्याचंही.

निलावेलीच्या घरी अक्काने (तिकडे मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात) सकाळी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, वाढले. तिचा शब्द इडियाप्पम, पण पदार्थ आपलाच. आपण नारळाच्या गोड रसात बुडवतो, ती हळद घातलेल्या पातळ रसासोबत देते, त्याला सोदी म्हणतात. तिचा साचा लाकडी, माझ्या आजेसासूंचा होता तसा. त्याच्यावर दोघींनी मिळून जोर लावला तेव्हा ती म्हणाली की त्या वर्षी मार्चनंतरचे आम्ही तिचे चौथे पाहुणे.

माझे प्रश्न दर वेळी कामाला येतील असं मात्र समजू नका. 2025 च्या सप्टेंबरात नेपाळने समाजमाध्यमं बंद केली ती 4 तारखेला. 8 ला काठमांडूत गोळीबार, 9 ला पंतप्रधानांचा राजीनामा आणि विमानतळ बंद. 3 तारखेला तिथल्या एखाद्या अक्काला शाळा सुरू आहेत का विचारलं असतं, तर तिने अगदी प्रामाणिकपणे हो म्हटलं असतं. अशा वेळी परतीच्या आधी दोन मोकळे दिवस आणि पिशवीत रोख पैसे, याखेरीज माझ्याजवळ तोडगा नाही.

आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात आम्हीच बातमीत होतो. पाकिस्तानशी चकमक सुरू झाली, किनारपट्टीवर दक्षतेचे हुकूम आले, आणि ऐन हंगामात तीन दिवसांत आमची अकरा बुकिंगं रद्द झाली. पुण्याच्या एका गृहस्थांनी विचारलं, "समुद्राकडून काही येणार नाही ना?" मी सवयीने म्हणाले, "सगळं ठीक आहे." त्यांनी पैसे परत मागितले.

त्याच संध्याकाळी निलावेलीहून मेसेज आला. खुशाली वगैरे काही नाही, थेट प्रश्न : मुलांच्या शाळा सुरू आहेत का?

मी लिहिलं, बंद आहेत, पण त्या मे महिन्याच्या सुट्टीमुळे.

होड्या जातात का?

नवरा शेजारीच जाळं विणत बसला होता. न बघताच म्हणाला, "सांग तिका, डिझेल आसा, बांगडो नाय."