कोर्लईला हरवलेली चावी

काशीदबद्दल एका ओळीत सांगते: शनिवार-रविवारी जाऊ नका. दोन रात्री राहिलो, किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि साडेचारशे रुपयांच्या थाळीतली सुरमई इतकी पातळ की तिच्यातून पलीकडचा समुद्र दिसावा. जंजिऱ्याच्या होडीची रांग बघूनच माघारी फिरलो. सोमवारी परतताना कोर्लईला थांबलो, आणि तिथे नवऱ्याने गाडीची चावी हरवली. ती हरवली नसती तर ही पोस्ट लिहिण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

कोर्लईचा किल्ला म्हणजे समुद्रात घुसलेली डोंगराची लांबट सोंड. वर उभं राहिलं की एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी, आणि खाडीपलीकडे माडांत बुडालेलं रेवदंडा. ते रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचं चौल. १५२१ मध्ये निजामशाहाच्या परवानगीने त्यांनी तिथे कोट बांधायला घेतला. वास्को द गामा १५२४ साली व्हाइसरॉय होऊन शेवटच्या खेपेला आला, तेव्हा आधी चौललाच उतरला आणि त्याच वर्षअखेरीस कोचीनला वारला. पुढे निजामशाहीला या पाहुण्यांचा वीट आला. वेढे घालून झाले, आणि शेवटी त्यांनी समोरच्या या डोंगरावरच किल्ला बांधायला काढला, म्हणजे वरून थेट चौलवर तोफा डागता येतील. १५९४ च्या सप्टेंबरात पोर्तुगीजांनी हल्ला करून तोच घेतला. आयती जागा!

हे सगळं मला नवऱ्याने चढताना सांगितलं. माझा गुडघा अर्ध्या वाटेत बोलायला लागला होता, त्यामुळे निम्मं ऐकलंच नाही. वर छप्पर उडालेलं चर्च आहे, गंजलेल्या तोफा आहेत, आणि वारा असा की ओढणी सांभाळू की फोन, असं झालं. फोटो काढले, उतरलो. दीपगृहाकडचा रस्ता गाड्यांनी तुंबलेला म्हणून गाडी वरच्या गावात, ख्रिश्चन वस्तीत एका घराच्या सावलीला लावली होती. तिथवर आलो आणि नवऱ्याने एकेक करून सगळे खिसे उलटे केले.

तो परत वर गेला. मी गेले नाही. दुपारचे साडेबारा, मार्चचं ऊन आणि हा गुडघा!

ज्यांच्या सावलीत गाडी होती त्या मावशी अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या. "चावी हरवली? बसा इथं. ऊन लागंल." सुनेने पाटावरून उठून मला जागा केली आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. मावशींच्या पुढ्यात चिंचेचा ढीग, बाजूला चिंचोक्यांचं घमेलं, मागे पाण्याची बालदी. नुसतं बसवेना म्हणून मीही हात घातला. त्यांचं काम बघण्यासारखं होतं: टरफल चिमटीत चिरडायचं, शिरा एका ओढीत काढायच्या, विळ्याच्या टोकाने चिंचोका उडवायचा. तो न बघता घमेल्यात पडायचा, टण्ण. माझे अर्धे अंगणात.

मला माहीत होतं की या गावात पोर्तुगीजातून आलेली एक भाषा बोलतात. खरं तर म्हणूनच कोर्लईला थांबायचा हट्ट मी धरला होता. बोलणारे जेमतेम हजारभर, बहुतेक याच वस्तीतले किंवा इथून मुंबईला गेलेले. सासू-सुनेचं अधूनमधून काहीतरी चालू होतं, मधेच माझ्याकडे बघून होत होतं. मी आपली वाट बघतेय की यांच्या मराठी गप्पा संपल्या की विषय काढू. ऐकायला मराठीच वाटत होतं, तोच हेल, तेच शेवटी खाली येणं. फक्त मला नीट पकडता येत नव्हतं, रेडिओचा काटा स्टेशनाच्या जरा अलीकडे राहिल्यासारखं. म्हटलं, इकडची बोली असेल.

शेवटी मी विचारलं. ते वाक्य आता टाइप करतानाही कानकोंडं होतंय. "मावशी, तुमची ती पोर्तुगीज भाषा थोडी बोलून दाखवाल का?"

मावशींनी एक चिंचोका उडवला. टण्ण.

"मगापासून काय बोलतोय मग आम्ही?"

सून पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी फोन हातात घेतला होता, रेकॉर्डिंगसाठी. तो गुपचूप पिशवीत टाकला.

"आनि पोर्तुगीज नाय ती," मावशी म्हणाल्या. "पोर्तुगीज त्यांची. ही आमची. नो लिंग." नो लिंग म्हणजेच 'आमची भाषा', हे सुनेने सांगितलं. शहरातून लोक येतात, कॅमेरा तोंडासमोर धरतात, 'बोला ना, बोला ना' करतात, हेही तिनेच सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता. असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

घरी येऊन वाचलं तेव्हा माझा कान अगदीच खोटा नव्हता हे कळलं. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या भाषेचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. शब्द बहुतांशी पोर्तुगीज वळणाचे, पण वाक्याची घडण मराठीने बदलून टाकली आहे. पोर्तुगीजात क्रियापद मधे येतं, इथे ते हळूहळू सरकत आपल्यासारखं शेवटी जाऊन बसलं.

आणि ती टिकली कशी, तर एकटं पडून. सत्ता पोर्तुगीजांची असताना जे बाटले त्यांचा आपापल्या जातीशी रोटी-बेटीचा व्यवहार तुटला. देवळाची वाट बंद, पंगत बंद. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, १७४० च्या तहात चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे आले. शाळेत हे आपण छाती फुगवून शिकलो. त्या तहानंतर गोरे अधिकारी जहाजात बसून गेले आणि ही माणसं मागे राहिली, न इकडची न तिकडची, हे कुठल्या धड्यात वाचल्याचं मला आठवत नाही. मला तरी त्या अंगणात बसेपर्यंत सुचलं नव्हतं. माउंट कार्मेलच्या चर्चभोवती ती आपसातच बोलत राहिली, आपसातच लग्नं करत राहिली. प्रार्थनेची पोर्तुगीज विसाव्या शतकातल्या साठच्या दशकापर्यंत कानावर पडायची. आता मिस्सा मराठीत, शाळा मराठीत.

गोव्यात नेमकं उलटं करायला बघितलं होतं. १६८४ मध्ये तिथल्या व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत कोकणी सोडा आणि पोर्तुगीज बोला. पाठीशी १५६० पासूनचं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. कोकणी काही गेली नाही. आणि इथे, मागे वळून बघणारा व्हाइसरॉय नसताना, ही राहिली. मी दोन्हीची मनात सांगड घालायला बघते आणि दर वेळी कुठलं तरी एक टोक सुटतं.

त्या वेळी मात्र मी फक्त अपराधी चेहऱ्याने चिंचा फोडत होते. घमेलं पोर्तुगीज, बालदी पोर्तुगीज, वर किल्ल्यावर माझा नवरा जी शोधत होता ती चावीसुद्धा पोर्तुगीज. सकाळच्या पाव-ऑम्लेटमधला पाव तर आहेच. मला मात्र आजवर कोणी म्हटलेलं नाही, की बाई, तुमची ती पोर्तुगीज जरा बोलून दाखवा.

सुनेला विचारलं, मुलं बोलतात का? "घरात बोलतात. बाहेर मराठी. मोठी पुण्याला आहे, तिच्या पोराला कळतं सगळं, बोलत नाय." मावशी मधेच काहीतरी म्हणाल्या. सुनेने ते मला मराठीत सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तासाभराने नवरा उगवला. लालबुंद, शर्ट पाठीला चिकटलेला, चावी मुठीत. त्या पडक्या चर्चच्या खिडकीत ठेवून साहेब फोटो काढत बसले होते! मावशींनी मीठ लावलेला चिंचेचा गोळा वर्तमानपत्रात बांधून दिला. मी पैसे काढले तर म्हणाल्या, "तुम्हीच फोडलीत ना, न्या." मी फोडलेल्यात निम्मे चिंचोके तसेच होते. अजून वरणात सापडतात.

गाडी सुरू केली. मावशी नवऱ्याकडे बघून सुनेला काहीतरी बोलल्या आणि दोघी हसत सुटल्या, सुनेने तर दाराच्या चौकटीला हात टेकला.

"काय म्हणाल्या गं?" साळावचा पूल ओलांडताना नवऱ्याने विचारलं.

मी या वेळी अगदी कान देऊन ऐकलं होतं. क्रियापद शेवटी होतं, एवढं नक्की.