बँकेने ईसीजीसी कापलं म्हणजे तुमचा माल विम्यात आला असं नाही

ईसीजीसी म्हणजे निर्यातीचे पैसे बुडण्याच्या धोक्याचा विमा देणारी सरकारी कंपनी. खात्याच्या स्टेटमेंटमध्ये ‘ईसीजीसी प्रीमियम’ दिसला की बरेच निर्यातदार निर्धास्त होतात. घोळ इथेच आहे. पॅकिंग क्रेडिटवर, म्हणजे माल तयार करून चढवण्यासाठी बँकेने दिलेल्या कर्जावर, कापलेला तो प्रीमियम बँकेच्या विम्याचा असतो. तुमचं कर्ज थकलं तर भरपाई बँकेला मिळते, वसुली मात्र तुमच्याकडूनच होते. वर तुमचं नाव ईसीजीसीच्या ‘स्पेसिफिक अप्रूव्हल लिस्ट’ या थकबाकीदारांच्या यादीत गेलं की पुढच्या कर्जासाठी बँकेला आधी ईसीजीसीची मंजुरी घ्यावी लागते. अर्थात हा विमा असतो म्हणूनच बँका तुटपुंज्या तारणावर लहान निर्यातदाराला उभं करतात, तेही खरं.

परदेशी खरेदीदाराने पैसे बुडवले तर भरपाई हवी असेल, तर पॉलिसी तुमच्या नावाने घ्यावी लागते. १९५७ साली मुंबईत ही सरकारी कंपनी काढली गेली ती याच कामासाठी. खरेदीदाराचं दिवाळं, थकबाकी, माल उचलायला नकार हे व्यापारी धोके. युद्ध, आयातबंदी, त्या देशाने डॉलर बाहेर जाऊ न देणं हे राजकीय धोके. दुसऱ्या प्रकारचे धोके खासगी कंपन्या सहसा अंगावर घेत नाहीत. ते पेलायला भांडवल लागतं, म्हणून २०२१मध्ये केंद्राने पाच वर्षांत ४,४०० कोटी रुपये घालायचं ठरवलं.

नेहमीच्या पॉलिसीत साधारण ९० टक्के नुकसान भरून मिळतं, पण त्या खरेदीदारासाठी ईसीजीसीने मंजूर केलेल्या रकमेपुरतंच, म्हणजे लिमिटपुरतंच. समजा लिमिट १० लाखांची आहे आणि येणं २० लाख. भरपाई त्या १० लाखांच्या लिमिटमध्येच बसणार, १८ लाख मिळणार नाहीत. त्यामुळे मोठी ऑर्डर आली की माल चढवण्याआधी लिमिट वाढवून घ्या. थकल्यावर वाढवून मागणाऱ्याला कोण देणार?

क्लेम अडकतात ते बहुतेक तारखांवर. महिन्याभराच्या शिपमेंटचं डिक्लरेशन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचं, त्याच्या प्रीमियमसकट. देय तारखेनंतर ३० दिवसांहून जास्त थकलेल्या बिलांची माहितीही तशीच दर महिन्याला कळवायची. ‘जुना माणूस आहे, देईल’ म्हणून दडपलेलं बिल चार महिन्यांनी क्लेममध्ये निघालं की पहिला प्रश्न येतो, आधी का कळवलं नाही? खरेदीदाराने मुदत वाढवून मागितली किंवा माल तिथेच दुसऱ्याला स्वस्तात विकायची वेळ आली, तर आधी ईसीजीसीला विचारा. फोनवर ‘हो’ म्हणून मोकळं होऊ नका.

नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी जास्त जपायला हवं. कंटेनर रॉटरडॅमला पोचतो, मणीगळ झाल्याचा रिपोर्ट येतो आणि खरेदीदार बिलातून रक्कम कापतो. हा दर्जाचा वाद. तो खरेदीदाराच्या देशातल्या कोर्टात तुमच्या बाजूने मिटेपर्यंत पॉलिसी लागू होत नाही. भाव विक्रीनंतर ठरणार असेल, म्हणजे माल कन्साइनमेंटवर गेला असेल, तर नेहमीची पॉलिसी चालत नाही, त्याची वेगळी घ्यावी लागते. रुपया-डॉलरच्या चढउताराचा तोटा यात नाही, आणि वाटेत माल भिजला तर तो मरीन विम्याचा विषय.

क्लेम मिळाला तरी खरेदीदाराच्या मागे लागणं सुटत नाही. नंतर जे वसूल होईल, ते नुकसान ज्या प्रमाणात वाटलं त्याच प्रमाणात वाटायचं: ९० टक्के भरपाई मिळाली असेल तर ९० टक्के ईसीजीसीचे, १० तुमचे.