आमच्या डेकवरचे हमिंगबर्ड निघाले

सप्टेंबर लागला की कॅनडातल्या, टोरांटोशेजारच्या मिसिसागाच्या आमच्या घरात सगळ्यांची नजर डेकवर टांगलेल्या लाल बाटलीकडे असते. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, बाकी रंगबिंग काही नाही. हमिंगबर्डसाठी ठेवतो आम्ही हे. हा पक्षी आपल्या शिंजिरापेक्षाही लहान, वजन जेमतेम 3 ग्रॅम. हवेत जागच्या जागी थांबून बाटलीत चोच घालतो तेव्हा पंख दिसतच नाहीत, नुसती थरथर दिसते आणि कानाशी भुंगा आल्यासारखं घूं घूं ऐकू येतं.

लाल गळ्याचे नर ऑगस्टपासूनच दक्षिणेकडे निघायला लागतात. मागे राहतात माद्या आणि यंदाची पिल्लं. ती खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवतात, काहींचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. पुढे मेक्सिकोचं आखात न थांबता ओलांडायचं तर सुमारे 800 किलोमीटर उडावं लागतं! आणि यंदाच जन्मलेल्या पिल्लासोबत आई नसते, ते एकटंच निघतं. दरवर्षी हे आठवलं की मी थक्क होते. बाटली टांगलेली राहिली तर ते अडकून पडतील, असं इथे बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. दिवस लहान होऊ लागला की त्यांची निघायची वेळ होतेच.

दक्षिणेला निघालेले वॉर्बलर, थ्रश हे छोटे गाणारे पक्षी रात्री उडतात. उत्तरेच्या जंगलांतून ऑंटारिओ सरोवराच्या काठावर येतात, तर समोर टोरांटोचे काचेचे मनोरे. दिव्यांनी भरकटतात, आणि उजाडल्यावर काचेत दिसणारी झाडं खरी समजून आपटतात. 1993 पासून फ्लॅप कॅनडा या पक्षी वाचवणाऱ्या संस्थेचे स्वयंसेवक पहाटे इमारतींच्या पायथ्याशी जखमी पाखरं गोळा करतात. साध्या घरांच्या खिडक्याही जीव घेतात. एखाददुसरं स्टिकर लावून भागत नाही, म्हणून आम्ही काचेला बाहेरून दर 5 सेंटिमीटरवर ठिपके लावलेत. रात्री बाहेरचे दिवेही बंद.

याच सुमारास आईचा साताऱ्याहून फोन येतो, "धोबी आले गं अंगणात, शेपटी हलवत फिरतायत." तेही उत्तरेकडूनच उतरलेले.

ऑक्टोबरात आमच्याकडे जंको नावाचे छोटे पक्षी येतात, पाटीच्या रंगाचे, पांढऱ्या पोटाचे. उत्तरेचा कडाका टाळून ते मुक्कामाला येतात ते इथे, या बर्फात! त्यांना जमिनीवरचं टिपायला आवडतं, म्हणून बारीक दाणे पायरीजवळच टाकते.