ब्युइकचं बूड अखेर वर आलं

माझ्याकडे ब्युइकची २००३ची पार्क अ‍ॅव्हेन्यू ही गाडी आहे. ३.८ लिटरचं व्ही६ इंजिन अजून लोण्यासारखं चालतंय, पण महिनाभर रोज सकाळी गाडीचं बूड बसलेलं दिसायचं. इंजिन चालू केलं की मागून कॉम्प्रेसरची घरघर सुरू, आणि थोड्या वेळात गाडी पुन्हा सरळ.

या गाडीला मागे कॉइल स्प्रिंग आहेतच, शिवाय शॉकच्या (धक्के शोषणाऱ्या नळकांड्याच्या) अंगावर रबराची बाही असते. डिकीत वजन पडलं की गाडीची उंची ओळखणाऱ्या सेन्सरचा दांडा हलतो, कॉम्प्रेसर बाहीत हवा भरतो. वजन उतरलं की ती सोडली जाते. हवा गळाली तरी गाडी स्प्रिंगवर चालत राहते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. मग कॉम्प्रेसर बिचारा गळकी बादली भरत बसतो आणि एक दिवस जळतो.

इथल्या एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच ‘कॉम्प्रेसर गेलाय’ म्हणून सांगितलं. कॉम्प्रेसर गेलाय तर रोज सकाळी गाडी उचलतंय कोण?

घरी येऊन टेप घेतली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत रात्री ३९ सेंटिमीटर, सकाळी ३५. दोन्ही बाजूंना सारखंच. इथे मी फसलो होतो. मला वाटलं, दोन्ही शॉक एकदम गेले. पण दोघांची हवेची नळी एकच, टी-जोडातून फुटलेली. एक गळाला की दुसऱ्यातली हवाही त्याच वाटेने जाते. तेव्हा गाडी कुठे झुकली यावरून चोर सापडत नाही.

मग गाडी स्टँडवर घेतली. सेन्सरचा दांडा हाताने वर धरला, काही सेकंदांनी कॉम्प्रेसर सुरू; खाली केला, काही सेकंदांनी फुस्स. (हा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला हवा भरत बसेल.) म्हणजे सेन्सर ठीक, कॉम्प्रेसर ठीक. वाटीत भांड्यांचा साबण कालवला आणि ब्रशने सगळीकडे लावला. डाव्या शॉकची बाही खाली जिथे दुमडते, तिथे आंबलेल्या इडलीच्या पिठासारखे बारीक बुडबुडे. उजवी बाही कोरडी होती, पण तिलाही भेगा. वीस वर्षं टिकलेल्या रबराकडून आणखी काय मागायचं? दोन्ही बदलायचे ठरवले.

साधे शॉक निम्म्या भानगडीत बसले असते, अनेकजण तेच करतात. पण पुढच्या आठवड्यात आई-बाबा येणार होते, तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा घेऊन.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे खालचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. गुरुवारी आणि शुक्रवारी रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. शनिवारी तरीही डाव्या बोल्टने दोन तास खाल्ले: गॅसच्या टॉर्चने तापवला, पान्याला पाइप जोडला, शेवटी अंगाचं वजन टाकल्यावर ‘कट्’. आधी वाटलं, तुटला. नाही, फिरला! उजवा पंचवीस मिनिटांत निघाला. खालच्या आर्मला (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याला) जॅकचा आधार दिल्याशिवाय मात्र बोल्ट काढू नका. आर्मला खाली जाण्यापासून शॉकच अडवतो. तो सुटला की आर्म धाडकन खाली येईल. आणि नवा शॉक बसवल्यावर गाडी टेकवण्याआधी बाहीत थोडी हवा भरा, नाहीतर रिकामी बाही घडीत चिमटते.

रविवारी सकाळी टेप लावली तर ३८. एक सेंटिमीटर गेला कुठे? पुन्हा साबण. उजव्या नळीच्या टोकाला एकच बुडबुडा, फुगायचा, फुटायचा, परत यायचा. तिथली ओ-रिंग (हवा अडवणारी रबराची कडी) मी जुनीच ठेवली होती, शुद्ध आळस! काढून पाहिली तर नखाएवढी चीर. दोन्हीकडे नव्या टाकल्या, सिलिकॉन ग्रीसचं बोट लावून. सोमवारी ३९, मंगळवारी ३९.

डेट्रॉइट विमानतळावरून येताना चारही बॅगा डिकीत आणि आई-बाबा मागे. निघण्याआधी कॉम्प्रेसर घरघरला आणि गाडी सरळ झाली. घरी बॅगा उतरवल्या, तेवढ्यात मागून लांबलचक फुस्स. आई दचकून चाकाकडे वाकली. “अरे, पंक्चर झालं वाटतं!”