आबनूस आणि टेंभरं

व्हायोलिन शिकायला लागलेल्या मुलांच्या डाव्या हाताची बोटं बघावीत. तारांचे वळ तर असतातच, पण वाद्य स्वस्तातलं असेल तर बोटांची टोकं काळीही होतात. लेकीची झाली तेव्हा वाद्य दुरुस्त करणाऱ्या काकांनी तिचा हात बघूनच निदान केलं. "ताई, रंग सुटतोय हा. घामाने. आबनूस नाही ते." आणि फिंगरबोर्डच्या, म्हणजे तारांखालच्या काळ्या पट्टीच्या कडेला, जिथे कुणाची नजर जात नाही अशा जागी, पटाशीचं टोक हलकेच ओढून दाखवलं. काळ्या पापुद्र्याखाली बिस्किटाच्या रंगाचं लाकूड होतं.

मग खणातून खरा आबनूस, म्हणजे एबनीचं काळं लाकूड, काढला. हातभर लांबीची पट्टी, दोन्ही टोकांना मेण फासलेलं. हे लाकूड वाळताना फार नखरे करतं. टोकांकडून पाणी भराभर उडून जातं, आत मात्र ओल राहते, आणि मग टोकापासून चिरा पडत जातात. म्हणून टोकं मेणाने बंद करायची आणि वाट बघायची, महिनोन्‌महिने. पट्टी हातात घेतल्यावर मनगट आपोआप खाली गेलं. एक घनमीटर सागवान साधारण ६५० किलो भरतं, आबनूस ९०० ते ११०० किलो. म्हणजे आबनूस पाण्यात बुडतो असं जे सांगतात ते अगदी सरसकट खरं नाही, काही तुकडे तरंगतातही, पण काठावर पास होऊन.

याच्यावर काम करणं हा वेगळाच प्रकार. रंध्याचं पातं थोड्याच वेळात बोथट होतं. मग पोलादी पत्र्याच्या धारेने खरवडायचं, तेव्हा केसासारख्या बारीक काळ्या कुरळ्या ढलप्या निघतात. पॉलिश पेपर लावला की जी भुकटी उडते ती सगळीकडे बसते. काका म्हणाले, आबनूसाचं काम असलं की संध्याकाळी नाक शिंकरलं तरी काळं. ती भुकटी कातडीला आणि श्वासालाही बाधते, त्यामुळे तोंडाला फडकं बांधूनच बसतात. मी बघत होते तेव्हा ते पट्टीला लांबीच्या दिशेने किंचित खोलगट करत होते, डोळ्यांना जाणवणारही नाही इतकं. तार थरथरताना पट्टीला टेकू नये म्हणून. सपाट ठेवली तर वाद्य झणझणतं. एवढं झाल्यावर वॉर्निशचं नाव नाही. थोडं तेल, बाकी घासून घासून आणलेली चमक. लाकडाची छिद्रं इतकी बारीक की हात फिरवला तर दगडावरून फिरवल्यासारखं वाटतं.

व्हायोलिनला हाच आबनूस का, याचं उत्तर आपल्या संगीतात जास्त नीट मिळतं. आपल्याकडे बोट एका जागी ठेवून सूर संपत नाही. मींड घ्यायची, गमक घ्यायचा, तेल लावलेलं बोट तारेवरून वरखाली धावत राहणार. तार रोज तासन्‌तास लाकडावर घासली जाते आणि मऊ लाकडात तिची घळ पडते. आबनूसातही पडते, पण वर्षांनी, आणि तीही खरवडून पुन्हा सपाट करता येते. रंगवलेल्या मेपलसारख्या फिकट लाकडावर ती सोय नाही, खरवडलं की सोंग उघडं.

सोंगाचा मात्र इतिहास मोठा आहे. युरोपात पेअरचं लाकूड काळं करून आबनूस म्हणून खपवत. बुद्धिबळाचे जे मोहरे आज जगभर स्पर्धांत वापरतात, ते स्टाँटन घडणीचे मोहरे १८४९ साली लंडनमध्ये विक्रीला आले, पांढरे बॉक्सवुडचे आणि काळे आबनूसाचे. आज अमृतसरला उत्तम मोहरे कोरतात. तिथेही महाग संचात आबनूस, स्वस्त संचात काळं केलेलं बॉक्सवुड. काळं करण्याची एक जुनी युक्ती आपल्याला अजिबात परकी नाही. लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी लोखंडाचा क्षार भेटला की काळं होतं. टॅनिनवाला हिरडा आणि लोखंडाचा क्षार असलेला हिराकस घालून आपल्याकडे पोथ्यांची शाई करत, ती याच न्यायाने. मला ही युक्ती फसवणूक वाटत नाही. फसवणूक पावतीवर 'आबनूस' लिहिल्यावर सुरू होते.

खरी गंमत, किंवा खरा घोटाळा, असा आहे की अख्खा काळा असणं हा आबनूसाचा स्वभावच नाही. सालीखालचं बाहेरचं लाकूड फिकट असतं. काळं असतं ते गाभ्यातलं लाकूड, आणि तेही कधी एकसंध, कधी तपकिरी-करड्या पट्ट्यांचं. तोडल्याशिवाय कळत नाही. कॅमेरूनच्या राजधानीत, याउंदेत, एक आबनूसाची गिरणी २०११ साली अमेरिकेतल्या टेलर गिटार्स या कंपनीने एका स्पॅनिश लाकूड व्यापारी कंपनीबरोबर विकत घेतली. तेव्हा बॉब टेलर यांना तिथल्या तोडकऱ्यांकडून जे कळलं ते त्यांनी नंतर जाहीर सांगितलं. दहा झाडं पाडावीत तेव्हा एखादं निखळ काळं निघतं, बाकीची तिथेच जंगलात पडून कुजतात, कारण पट्ट्यांच्या लाकडाला गिऱ्हाईक नाही. कंपनीने मग पट्ट्यांचा आबनूस आपल्या महागड्या गिटारींवरही लावायला सुरुवात केली. वाजवण्यात काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना, आणि एवढ्यासाठी नऊ झाडं!

त्याच कॅमेरूनच्या जंगलातली दुसरी हकीकत मला जास्त लागली. तिथल्या आबनूसाची फळं रानहत्ती खातात, बिया लांब नेऊन लिदीतून टाकतात, आणि लिदीत दडलेल्या बिया उंदीर-घुशींच्या तावडीतून वाचतात. जिथे हस्तिदंतासाठी हत्ती मारले गेले, तिथे आबनूसाची रोपं खूप कमी झाल्याचं संशोधकांना दिसलं. जुन्या पियानोवर पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंताच्या आणि काळ्या आबनूसाच्या असत. म्हणजे झाड लावणाराही त्याच पेटीत आणि झाडही.

आपण महाराष्ट्रात बसून हळहळायला मोकळे, पण आबनूसाचा सख्खा भाऊ आपल्याच रानात उभा आहे. टेंभुर्णी. विदर्भात तेंदू. चौकोनी भेगांची काळपट साल, उन्हाळ्यात पिवळी गोड फळं, म्हणजे टेंभरं, आणि म्हाताऱ्या झाडाच्या पोटात काळा गाभा. पण त्याला म्हातारं होऊ देतंय कोण? आपल्याला त्याचं पान हवं, विडीला. पानं मोठी आणि लवचीक यावीत म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर झुडपं छाटतात, ठिकठिकाणी आगही लावतात, मग नवी पालवी फुटते. मे महिन्यात गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियात गावंच्या गावं पहाटे पानं तोडायला निघतात, दुपारी घरी बसून पुडे बांधतात. पावसाळ्याआधी हातात पडणारा तो रोख पैसा असतो, त्यामुळे पुण्यात बसून कुणी त्यांना शहाणपण शिकवू नये. फक्त एवढंच की दरवर्षी छाटलेल्या झुडपात काळा गाभा तयार होत नाही. आपला आबनूस आपण ओढून टाकतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने वेगळं ठरवलं. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने बांबूवर भर दिला आणि तेंदूपानाचं उत्पन्न सोडून दिलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात, आगी लागतात, आणि शेवटी माल विडीच्याच कामाला जातो. झाडं राहिली म्हणजे टेंभरंही राहिली, माणसांना आणि पाखरांनाही.

पुण्यात टेंभरं विकायला आलेली मी पाहिलेली नाहीत. थंडीच्या सुरुवातीला फळवाल्याकडे नारिंगी, टोमॅटोसारखी दिसणारी पर्सिमन मात्र येतात, प्रत्येकाला जाळीचं टोपडं घातलेली. तीही याच कुळातली, टेंभुर्णीची चुलत बहीण. फळवाला कौतुकाने सांगतो, मॅडम, एकदम नवीन फ्रूट आहे. भाव ऐकून मी दोनच घेते, आणि घाईने कच्चं चावलं तर जीभ आणि घसा असा काही आवळून येतो की घोटभर पाणी पिऊनही सुटत नाही. कच्च्या टेंभराचंही हेच आहे, तेही फुकटात.