पंख्याची लाइन

आम्ही सोलापूरचे लाइटवाले. आमचा सीझन घटस्थापनेला सुरू होतो आणि गड्डा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा, उठला की संपतो. नवरात्रात रूपाभवानीच्या रस्त्याला माळा, पूर्व भागात तेलुगू बायकांच्या बतुकम्मासाठी फोकस, कोजागिरीला तुळजापूरला चालत निघालेल्यांच्या चहा-फराळाच्या मंडपात ट्यूबा, मार्गशीर्षात बाळ्याच्या खंडोबाची यात्रा. घरच्या दिवाळीत आमच्या दारावर माळ असेलच असं नाही. वायरमनचं घर, अंधार!

अलीकडे त्यात हद्दवाढ भागातल्या छोट्या जत्रांची भर पडलीय. जुळे सोलापूर, सैफुल, होटगी रोड, जिथं रिकामा प्लॉट दिसेल तिथं डिसेंबर-जानेवारीत दोन दिवसांची जत्रा. गड्डा भरतो त्या होम मैदानावरच्या गर्दीत कडेवरचं पोर घेऊन फिरायला जीव घाबरतो, म्हणून लोकांनी जत्राच दारात आणली. चांगलंच आहे. चार घरगुती स्टॉल, हुरड्याची आगटी, एक हातानं फिरवायचा पाळणा आणि मिकी माऊस, म्हणजे ती किल्ल्यासारखी, हवेची उड्या मारायची गादी.

असल्याच एका जत्रेत डिसेंबरातल्या रविवारी मी होतो. चूक माझीच झाली, म्हणून लिहितोय.

मिकी माऊसमध्ये एकदा हवा भरून तोंड बांधायचं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. शिलाईतून हवा सतत गळत असते आणि मागचा पंखा सतत भरत असतो. पंखा बंद, की किल्ला बसला. त्याची मोटर दीड एचपीची, सहा-सात अँपिअर खाणारी. तिला मी 16 अँपिअरच्या एमसीबीवर, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्यावर, घेतलं होतं. इथवर बरोबर होतं.

पाचच्या सुमाराला पॉपकॉर्नवाल्या काकू आल्या. "दादा, आमच्या बोर्डात करंटच नाही." त्यांच्या स्टॉलची वायर दुसऱ्या टोकाहून आणायची म्हणजे अर्धा तास. माझा हेल्पर म्हणाला, "पंख्याच्या बॉक्समधून देऊ की मालक, चलतंय." मी म्हटलं, दे. आमच्या धंद्यात जेवढं काही जळलंय ते 'चलतंय'नं जळलंय. हे ठाऊक असूनही म्हटलं.

पॉपकॉर्नच्या मशीनपर्यंत खरंच चाललं. मग त्याच एक्स्टेन्शनला कुणीतरी कॉफीचं मशीन लावलं. मला विचारलं नाही, आणि विचारायचं त्यांना सुचावं तरी का?

सातला स्टेजवर मुलांचे नाच सुरू होते. मी साउंडवाल्याशी बोलत उभा होतो. मागून येणारी पंख्याची घरघर थांबली, आणि ती थांबल्यावरच ती इतका वेळ चालू होती हे कानाला कळलं. वळून बघतो तर किल्ल्याचा बुरूज वाकायला लागलेला.

मी बॉक्सकडे पळालो, एमसीबी उचलली. पडली. परत उचलली, परत पडली. पडणारच, ती तापलेली, आणि पॉपकॉर्न-कॉफी अजून लाइनवरच. घाबरलेला माणूस कारण काढायचं सोडून खटकाच वर-खाली करत बसतो, तसा मी बसलो होतो. तेवढ्यात मिकी माऊसवाल्याचं पोरगं, असेल सोळा-सतरा वर्षांचं, ओरडलं, "अण्णा, ते सोडा बे, पोरं काढा!" त्यानं पंख्यापासून गादीत जाणारी कापडी नळी दोन्ही मुठीत पिळून धरली होती. आत असलेली हवा उलटी त्याच वाटेनं जाते, ती त्यानं अडवली. मला वीस वर्षं झाली या कामात, मला ते सुचलं नाही.

त्या पिळलेल्या नळीवर आम्हाला मिनिटभर तरी मिळालं असेल. आया धावल्या, दोन बाप चपलांसकट चढले. पोरं हसत होती, त्यांना तो खेळच वाटला. एक, दोन, पाच, आठ.

बाहेर सतरंजीवर चपलांचे जोड नऊ.

मी आत शिरलो. वरचं कापड पाठीवर आलेलं, रबराचा वास, मोबाइलची बॅटरी दातात. कोपरे चाचपले, घडीत हात घातले. कुणी नाही. बाहेर एक आजी नावानं हाका मारत होत्या. तो आवाज कापडातून असा येत होता, की मला थंडीत घाम फुटला. पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून सुरू केलं.

"मिळाली, मिळाली!" बाहेरून कुणीतरी ओरडलं.

बाईसाहेब अनवाणी हुरड्याच्या आगटीपाशी बसल्या होत्या. शेंगाचटणी लावून गरम हुरडा खात होत्या. गादीवरून केव्हाच उतरल्या होत्या, भूक लागली म्हणून चपला न घालताच गेल्या. आजीनं एक धपाटा घातला आणि मग छातीशी धरून मुकेही घेतले.

जत्रा भरवणारे चेअरमन साहेब मला काही बोलले नाहीत. पॉपकॉर्नवाल्या काकूच रडवेल्या झाल्या, "माझ्यामुळं झालं का हो?" मी म्हटलं, नाही, माझ्यामुळं. दोन्ही मशीनं काढली, पंख्याला जनरेटरवरून वेगळी लाइन दिली, एमसीबीवर लाल टेप लावून वर पेनानं लिहिलं, 'पंखा. हात लावू नये.' त्या पोराला दोनशे रुपये देऊ केले. त्यानं घेतले नाहीत, कॉफी मागितली. कॉफीचं मशीन तर मीच बंद केलेलं.

14 जानेवारीला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता पडल्या. संध्याकाळी बायको-पोरांना घेऊन गड्ड्यात गेलो. पोरं पाळण्याच्या रांगेत, आणि मी मिकी माऊसच्या मागं वाकून पंख्याची वायर कुठून येते ते बघतोय. बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"जत्रेला आलाव का ड्युटीला?"